भेंडीच्या बियाण्याचा रिव्ह्यू, पेरणीच्या तारखेसकट

हा रिव्ह्यू लिहायला मी दोन वर्षं थांबले. पहिल्या उन्हाळ्यातच लिहिला असता तर चारही बियाण्यांना पाचपैकी पाच स्टार देऊन मोकळी झाले असते, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिहिला असता तर एकाला शून्य दिलं असतं. दोन्ही वेळा वाचणाऱ्याचं नुकसान झालं असतं. भेंडीच्या बियाण्याखाली लोक ऑनलाइन काय लिहितात ते मी हल्ली सगळं वाचते, एकजण लिहितो एकदम बेकार बी, सगळी झाडं पिवळी पडली, पैसे पाण्यात, आणि त्याच्याच खाली दुसरी बाई लिहिते की मस्त, रोज अर्धा किलो निघते, नक्की घ्या. पाकीट तेच, कंपनी तीच. आणि दोघंही खरंच सांगत असणार यावर माझा विश्वास आहे. फक्त पेरलं कधी हे दोघांनीही लिहिलेलं नसतं, आणि भेंडीत तेवढंच तर बघायचं असतं.

तर आधी माझं सांगते. इंदूर, राऊच्या जरा पुढे, घराला लागून आमचाच रिकामा प्लॉट आहे, दीड हजार फुटांच्या आसपास, माळव्याची काळी चिकण माती, बोअरचं पाणी, पूर्ण ऊन. एका बाजूला सोयाबीनचं शेत, दुसऱ्या बाजूला अजून बांधकाम न झालेले प्लॉट ज्यात पावसाळ्यात कमरेएवढं गवत आणि तण माजतं (हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे). शेणखत आणि घरचा कंपोस्ट घालते. औषध फवारायचं नाही असं पहिल्यापासून ठरवलेलं, निंबोळी अर्क तेवढा मारते, कारण भाजी घरात खायची आणि दोन नातवंडं वाफ्यातूनच तोडून कच्ची भेंडी खातात.

बियाणी चार. पहिलं पुसा सावनी, छावनीतल्या एका दुकानातून सुटं घेतलेलं. दुसरं परभणी क्रांती, हे माझ्या भावाने परभणीहून पाठवलेलं, माझं माहेर तिकडचं. तिसरं अर्का अनामिका, बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेचं, ऑनलाइन मागवलं आणि पोस्टाने घरी आलं. चौथं एका मोठ्या खासगी कंपनीचं हायब्रिड, नाव लिहीत नाही कारण त्याच्याबद्दल थोडी तक्रार पण आहे आणि एका प्लॉटवरून कंपनीला बोल लावणं मला बरोबर वाटत नाही. प्रत्येकाची चाळीस-चाळीस झाडं, शेजारी शेजारी वाफे, खत पाणी सगळ्यांना सारखं.

परभणी क्रांतीबद्दल आधीच सांगून टाकते की मला तिच्याबद्दल माया आहे. 1985 साली ती निघाली, तेव्हाचं मराठवाडा कृषी विद्यापीठ, आणि त्यानंतर दोनतीन वर्षांतच आमच्या वडिलांनी विद्यापीठातून बी आणलं होतं. त्याआधी आमच्याकडे पावसाळ्यातली भेंडी म्हणजे केवडाच (पानं पिवळी पाडणारा रोग), पानं हळदीसारखी पिवळी, भेंडी पांढरट आणि वाकडी, बाजारात कोणी हात लावायचं नाही. त्या वर्षी पहिल्यांदा ऑगस्टमध्ये हिरवागार वाफा बघितला आणि बाबा सकाळी नुसते जाऊन उभे राहायचे तिथे. विद्यापीठाने काय केलं होतं तर आपल्या पुसा सावनीचा रानभेंडीशी संकर केला होता, रानभेंडी ही रानात उगवणारी, फळं खायला तशी काही खास नाहीत पण केवड्याला दाद देत नाही, तिचा तो गुण भेंडीत आणला. बंगळूरची अनामिका पण अशाच रानातल्या जातभाईपासून घडवलेली आहे. म्हणजे आज आपण जी पावसाळ्यात भेंडी खातो त्यातला बराच मोठा वाटा त्या काटेरी केसाळ रानटी झाडाचा आहे, हे मला फार मोठं वाटतं.

आणि पुसा सावनी काय वाईट होती असं नाही हं. दिल्लीच्या पुसा संस्थेत शास्त्रज्ञ हरभजन सिंग यांनी ती तयार केली, साठच्या दशकात देशभर पसरली, आणि त्या काळी केवड्याला टिकणारी म्हणूनच लोकांनी घेतली. पुढे वर्षं गेली तसं ते टिकणं संपलं. चव मात्र तिची आजही चांगली, सासूबाई इथल्याच, इंदुरात जन्मलेल्या, त्या भिंडीच म्हणतात, आणि त्यांच्या मते भिंडी म्हणजे सावनी, बाकी सगळं नवीन फॅशन.

आता पहिली पेरणी, 20 फेब्रुवारी. इथे एक चूक लोक करतात ती मी पण केली असती, शेजारच्या काकूंनी वाचवलं. दुपारी ऊन चांगलं लागतं म्हणून आपल्याला वाटतं उन्हाळा आला, पण माळव्यात फेब्रुवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात आणि भेंडीच्या बीला जमीन ऊबदार लागते, 20 अंशांच्या खाली जमीन असली की बी नुसतं पडून राहतं, आणि वर पाणी जास्त झालं तर कुजतं. काकू म्हणाल्या, "अगं जानेवारीत टाकू नकोस, महाशिवरात्र होऊन जाऊ दे." मी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, सकाळी ओल्या फडक्यात बांधून ठेवलं आणि मग टोकलं. तरी अकरा दिवस लागले उगवायला. हायब्रिडचं बी गुलाबी रंगाचं, औषध लावलेलं, ते भिजवायचं नसतं कारण औषधच धुऊन जातं, ते कोरडंच लावलं आणि हातमोजे घालून लावलं, तुम्ही पण तसंच करा आणि मुलांना ते बी हातात देऊ नका.

एप्रिलच्या वीस तारखेच्या आसपास पहिला तोडा. आणि काय सांगू, चारही वाफे एकसारखे देखणे. पिवळं पान एकही नाही. सावनीवर पण नाही! भेंडी कोवळी, टोक मोडलं की कट्‌ आवाज, धारा सरळ, लव कमी. तेव्हा मी भावाला फोन करून सांगितलं की अरे कुठलंही बी लावा सगळी सारखीच, उगाच लोक नावं घेतात. हे मी बोलले होते, आणि त्यावेळी माझ्या डोळ्यांसमोर जे होतं त्यावरून तेच दिसत होतं.

असं का झालं ते नंतर कृषी महाविद्यालयातल्या एका मॅडमनी समजावलं. केवडा हा व्हायरस आहे आणि तो पांढरी माशी पसरवते. माशी आजारी झाडाचा रस पिते, मग निरोगी झाडावर बसते, झालं काम. थंडीत माशी कमी असते. फेब्रुवारीत पेरलं की झाड लहान असताना माशी नाहीच, आणि एप्रिल-मे मध्ये ती वाढायला लागते तोवर झाड कमरेला आलेलं आणि अर्धे तोडे होऊन गेलेले. यात मुख्य गोष्ट झाडाचं वय. उगवल्यापासून पहिल्या महिन्यात लागण झाली तर त्या झाडाकडून काही मिळतच नाही म्हटलं तरी चालेल, नुकसान नव्वद टक्क्यांच्या वर जातं, आणि दोन महिन्यांचं झाल्यावर झाली तर निम्म्याच्या आसपास तरी हाती लागतं. म्हणून फेब्रुवारीची सावनी मेच्या मध्यावर थोडी पिवळी पडायला लागली खरी, सात-आठ झाडं, पण तोवर आमचं पोट भरून झालं होतं.

उन्हाळ्याचा त्रास वेगळाच. मे मध्ये पारा 42 च्या वर गेला की फुलं गळतात. आणि भेंडी फार लवकर जून होते. फूल उमलल्यापासून पाच ते सात दिवसांत तोडायची असते, पण मेच्या उन्हात मी एक दिवस चुकवला की दुसऱ्या दिवशी दोरा! आठ ते दहा सेंटिमीटरची असताना तोडायची, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत असते ना त्याच्या निम्म्यापेक्षा मोठी होऊ द्यायचीच नाही. आम्ही चार दिवस देवासला लग्नाला गेलो होतो, परत आलो तर भेंड्या हातभर आणि झाड थांबलेलं, कारण शेंग जून होऊ दिली की झाडाला वाटतं आपलं काम झालं, बी तयार झालं. सगळ्या काढून टाकल्या तेव्हा आठवड्याने परत फुलं आली. इथे हायब्रिड जरा पुढे होतं, तिची भेंडी गडद हिरवी, एकसारख्या मापाची, आणि एखादा दिवस उशीर झाला तरी कोवळी राहते. अनामिका दुसरी. क्रांती आणि सावनी उशीर सहन करत नाहीत.

दुसरी पेरणी 24 जूनला. पाऊस पडून दोन दिवस झालेले, वाफसा आलेला, म्हणजे माती ओली पण मोकळी. चार दिवसांत सगळं उगवून वर, फेब्रुवारीतल्या अकरा दिवसांपुढे हे बघून एवढा आनंद झाला. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सावनीच्या शेंड्याच्या पानावर बारीक शिरा पिवळ्या दिसल्या. पान उन्हासमोर धरलं तर पिवळ्या दोऱ्याची जाळी विणल्यासारखी, मधला भाग हिरवा. तीन दिवसांत अजून सहा झाडं. मग पाऊस थांबला, उघडीप पडली, दमट, चिकचिक उकाडा, आणि त्या आठ दिवसांत सगळं हातातून गेलं. मोठा पाऊस माशी झोडपून काढतो, त्याच्यामागून येणारी उघडीप वाईट. पंधरा ऑगस्टला मोजलं तेव्हा सावनीची चाळीसातली तेहेतीस झाडं पिवळी. भेंडी लागली ती बोटभर, फिकट, केसाळ आणि कडक, शिजवली तरी गवत चावल्यासारखी. सासूबाईंनी एकदा भाजी केली, एक घास खाल्ला आणि ताट बाजूला ठेवलं, काही बोलल्या नाहीत.

त्याच दिवशी अनामिकाची पाच झाडं पिवळी. चाळीसातली पाच. मधे फक्त दीड फुटाचा दांड, तीच माती, तेच पाणी, तीच माशी. मी दांडावर उभी राहिले आणि एका हाताला पिवळा वाफा आणि दुसऱ्या हाताला हिरवा, तेव्हा मला बाबा आठवले आणि रडायलाच आलं.

परभणी क्रांतीबद्दल लिहिताना हात जड होतो पण खरं लिहायचं तर लिहायचं. चौदा झाडं गेली. सावनीपेक्षा पुष्कळ बरी, अनामिकापेक्षा कमी. क्रांती काय अनामिका काय, जिथे जिथे वर्षानुवर्षं तीच लावतात तिथे दोघींचंही टिकणं पहिल्यासारखं राहिलेलं नाही, व्हायरस पण बदलत जातो, हे मॅडमनी पण सांगितलं. 1985 च्या बियाण्याने चाळीस वर्षं जगाला पुरावं ही अपेक्षाच जास्त आहे. तिची भेंडी अजून तशीच नाजूक आहे, सडसडीत, आणि भरल्या भेंडीला तिच्यासारखी दुसरी नाही.

हायब्रिडची नऊ झाडं गेली, पण गंमत अशी की पहिला महिना तिच्यावर काहीच नव्हतं, एकदम स्वच्छ, आणि मग ती नऊच्या नऊ एकदम पडली. कारण बियाण्याला लावलेलं औषध लहानपणी माशीपासून राखतं, ते संपलं की मग जात स्वतः किती टिकते तेच उरतं. माझी तक्रार एवढीच की पाकिटावर मोठ्या अक्षरात व्हायरसमुक्त असं लिहिलं होतं. असं लिहू नये हो. व्हायरस सहन करणारी, असं लिहावं. शेतकरी त्या एका शब्दावर कर्ज काढून बी घेतो.

इथे अजून एक गैरसमज काढायचा आहे, बियाणंच रोगट होतं असं रिव्ह्यूत लोक लिहितात ना, ते केवड्याच्या बाबतीत लागू होत नाही. हा व्हायरस बियातून येत नाही, माशीच आणते. बियातून येते ती झाडाची ताकद, किंवा ताकद नसणं. आणि दुसरं, आमच्या शेजारच्या शेतातलं सोयाबीन पण त्या काळात पिवळं पडलं होतं, सगळे म्हणाले त्याचाच भेंडीला लागला. तो पण पिवळा मोझॅकच, आणि पसरवणारी माशी पण तीच, पण व्हायरस वेगळा, सोयाबीनचा सोयाबीनला आणि भेंडीचा भेंडीला. मात्र माशी तिकडे वाढली की इकडे येणारच, तेवढा संबंध आहे. भेंडीचा व्हायरस तणांमध्ये जगून राहतो, भेंडीच्या नात्यातली रानझाडं, ओसाडी वगैरे. आमच्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये ते सगळं होतं. दुसऱ्या वर्षी मी कॉलनीतल्या मुलांना पैसे देऊन पावसाच्या आधी तण काढून घेतलं, भेंडीच्या भोवती मक्याच्या दोन ओळी लावल्या, पिवळे चिकट कागद टांगले, आणि पहिलं पिवळं झाड दिसलं की त्याच दिवशी मुळासकट उपटून पोत्यात बंद. उपटायला जीव होत नाही, फुलं असतात हो त्याच्यावर. पण उपटा.

या रोगाची नोंद पहिल्यांदा 1924 मध्ये झाली, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात. त्याच 1924 साली इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथे इंदूरला आले आणि आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे त्यांची संस्था उभी राहिली, तिथूनच इंदूर पद्धतीचा कंपोस्ट जगभर गेला. मी तसाच थर देऊन, उलटापालट करून तीन महिन्यांत खत करते. त्याने केवडा थांबत नाही हे सांगायला हवं, सेंद्रियवाले कधीकधी तसं सांगतात. झाड धडधाकट होतं, भेंडीला चव येते, युरिया ओतल्यावर जसं लुसलुशीत पान सुटून तुडतुडे आणि माशी तुटून पडते तसं होत नाही, एवढं मात्र मी बघितलंय.

तिसरी पेरणी मुद्दाम नव्हती केली. 22 जुलैला उरलेलं बी वाया जाऊ नये म्हणून मागच्या कोपऱ्यात टाकलं. ही माझी सर्वात वाईट पेरणी आणि त्याला बियाणं जबाबदार नाही. बाळ झाडं आणि भर ऑगस्टची माशी, शेजारी आधीच पिवळा वाफा. अनामिकाची सुद्धा निम्मी गेली. म्हणजे ज्या पाकिटाने जूनमध्ये चाळीसातली पस्तीस वाचवली त्यानेच एका महिन्याने निम्मी घालवली. काही झाडांची पानं आखडून जाड झाली, खालून शिरांवर बारीक गाठी, तो वेगळा व्हायरस, पानं वाकवणारा, तो पण माशीच आणते. जी वाचली त्यांनी सप्टेंबरच्या शेवटी भेंडी दिली, ती चवीला फार छान होती हे मान्य करते, ऊन कोवळं, हवा कोरडी, भेंडी सावकाश वाढते. पण दसरा झाला, रात्री गार झाल्या, पानांवर पिठासारखी भुरी आली आणि दिवाळीनंतर झाडं नुसती उभी.

पावसाळ्यात अळीचा पण उपद्रव जास्त. शेंडा सुकून मान टाकतो, चिरून बघितलं की आत अळी, मग ती भेंडीत शिरते. असा सुकलेला शेंडा दिसला की तोडून टाकायचा. चारही जातींवर सारखीच होती, यात बियाण्याला काही मार्क नाहीत.

आता स्वयंपाकघरातलं, कारण शेवटी खायचीच आहे. तोडताना हात झाकून तोडा, लव अंगाला लागली की खाज सुटते, सावनीची आणि पावसाळ्यातल्या सगळ्यांचीच जास्त. काचऱ्या आणि परतलेल्या भाजीला हायब्रिड चांगली, पातळ चकत्या सुटसुटीत राहतात, चिकट कमी वाटते. भरल्या भेंडीला क्रांती, दाण्याचं कूट, सुकं खोबरं, गोडा मसाला, चिंचगुळाचं पाणी शिंपडून, ती मसाला धरते आणि फुटत नाही. ताकातल्या भेंडीला सावनी, तिचा चिकटपणा ताकाला अंग देतो, सासूबाईंशी मी इथे सहमत आहे. अनामिका सगळ्या प्रकारांना बरी पण कशातच पहिली नाही, घरात रोज एकच भाजी करायची असेल तर तीच. धुवून, पूर्ण कोरडी करून मग चिरायची हे सांगायला नको. एक सांगते जे मला उशिरा कळलं, फ्रिजमध्ये खालच्या थंड कप्प्यात ठेवली की दोन दिवसांत धारांवर काळे डाग पडतात, ती सडलेली नसते, थंडी बाधलेली असते, भेंडीला सात-आठ अंशांच्या खाली सोसत नाही. कापडात गुंडाळून फ्रिजच्या दारात ठेवा, तीन दिवसांत संपवा. ठेल्यावरून घेताना मोठी चमकदार बघून घेऊ नका, टोक मोडून बघा. राजवाड्याजवळचा आमचा नेहमीचा ठेलेवाला मोडू देत नव्हता, मी म्हटलं भिया मोडलेली सगळी मीच घेते, मग देतो आता.

बी घेताना काय बघायचं. पाकिटाच्या लेबलावर तपासणीची तारीख असते, नऊ महिने जुनं झालं की घेऊ नका. उगवण किती टक्के ते लिहिलेलं असतं, भेंडीला कमीत कमी 65 टक्के लागते. निळं लेबल म्हणजे प्रमाणित बी, हिरवट लेबल असेल तर कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर सांगितलेलं. छावनीतून जे सुटं सावनी घेतलं त्याला यातलं काहीच नव्हतं, दहात सहा उगवलं आणि दोन झाडं तर धारा-पाने बघता सावनी वाटतच नव्हती. दुकानदार भला माणूस आहे, त्याने पैसे परत देऊ केले, पण गेलेला पावसाळा कोण परत देणार. सुटं घेऊ नका.

हायब्रिडचं बी पुढच्या वर्षाला धरू नका, झाडं वेगवेगळी निघतात. अनामिका आणि क्रांतीचं धरता येतं, मी अनामिकाचं धरलं आणि एक चूक झाली, सावनीच्या शेजारच्या झाडांवरून धरलं. मधमाशी इकडची तिकडे करते, भेंडीत बरंच परपरागण होतं. पुढच्या जूनला त्या बियातली काही झाडं लवकर पिवळी पडली आणि मला वाटलं अनामिकाच बिघडली. तिची ओळख अशी की फुलाच्या पाकळीच्या बुडाचा जांभळा डाग आतून आणि बाहेरून दोन्हीकडून दिसतो, आपण ज्यांचं बी धरतो ती झाडं आधी अशी तपासून, कळीला उमलायच्या आदल्या संध्याकाळी पिशवी बांधा किंवा दोरा बांधा, सकाळी तिचं तीच फळते.

तर माझे स्टार. फेब्रुवारी अखेर पेरलं तर बाकी तिन्ही बियाण्यांना साडेचार आणि हायब्रिडला पाच कारण तोडा चुकला तरी सांभाळून घेते. पावसाच्या पहिल्या वाफशाला, जूनच्या शेवटी, अनामिकाला साडेचार, हायब्रिडला साडेतीन, क्रांतीला तीन, सावनीला अर्धा आणि तो अर्धा ताकातल्या भेंडीचा. जुलै अखेरच्या पेरणीला मी कोणालाच देत नाही, त्या कोपऱ्यात आता मेथी टाकते. किमतीचं म्हणाल तर अनामिकाचं पाकीट हायब्रिडच्या मानाने फार स्वस्त आहे आणि परत परत घ्यायला लागत नाही, माझ्यासारख्या छोट्या वाफ्याला तेच घ्या. बाजारात विकणारे असाल तर हायब्रिडचा एकसारखा माल ठेल्यावर जास्त भाव घेतो, ते गणित वेगळं.

खाली कोणी लिहिणार असाल तर गाव, माती आणि पेरणीची तारीख एवढं टाका. निमाडातले, खरगोनकडचे कोणी असतील तर नक्की लिहा, तिकडे कापूस आहे म्हणजे माशी आमच्यापेक्षा जास्त असणार आणि उन्हाळा पण आधी लागतो, तिकडे लोक जानेवारी अखेर पेरतात का ते मला विचारायचं आहे. या वेळी भावाने परभणी क्रांतीचं नवीन पाकीट पाठवलंय, लेबल निळं आहे, तारीख बघितली, दोन महिन्यांपूर्वीची. वीस झाडांपुरतं बी काढून ठेवलंय, शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी रात्री भिजत घालणार.